चाल लिहून ठेवा



आपल्या पुष्कळ घरांत जुन्या पेटीत किंवा फडताळात गाण्यांच्या पातळ पुस्तिका सापडतात. जयंतीच्या दिवशी रस्त्यावरच्या ठेल्यावरून घेतलेल्या, कव्हर फाटलेल्या, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यांतले एखादे गाणे काढून पाहा. गाण्याचे शब्द पूर्ण छापलेले असतात. कवीचे नाव असते. आणि डोक्यावर कंसात एक ओळ असते, 'चाल : अमुक अमुक'. ही चाल बहुतेक वेळा त्या काळच्या एखाद्या सिनेमाच्या गाण्याची असते. त्या वेळी ते गाणे सगळ्यांच्या ओठांवर होते, म्हणून तेवढा उल्लेख पुरे व्हायचा. आज नातवाच्या हाती ती पुस्तिका पडली, तर शब्द त्याला वाचता येतात, पण चाल कळत नाही. ज्या गाण्यांना स्वतंत्र चाल होती त्यांचे तर त्याहून कठीण. चाल आजोबांच्या गळ्यात होती. आजोबा गेले, चालही गेली.

शब्द लिहून ठेवायला आपण शिकलो. चाल लिहून ठेवायला मात्र आपल्यातले फार थोडे शिकले. या वेळी त्याविषयी लिहायचे आहे. चाल लिहायला सूर आणि ताल यांचे थोडे शास्त्र लागते, आणि ते शास्त्र आज घरातल्या मोबाईलवर, स्वतःचे गाणे रचता रचता, एकही पैसा फी न भरता शिकता येते.

शास्त्र म्हटले की आपल्या माणसाला दडपण येते. राग, थाट, मात्रा, सप्तक हे शब्द क्लासवाल्यांचे, सभागृहातल्या गादीवर बसणाऱ्यांचे, असे वाटते. पण आपल्या गायन पार्टीत काय चालते ते आठवून पाहा. गायक पेटीवाल्याला सांगतो, "काळी चार धर." ढोलकीवाला विचारतो, "केरवा की दादरा?" कडवे संपवून ध्रुपदावर येताना सगळे एकाच ठोक्यावर उतरतात. ही सगळी शास्त्राचीच भाषा आहे. काळी चार म्हणजे षड्ज कुठे धरायचा ते ठरवणे. केरवा म्हणजे आठ मात्रांचा ताल. एका ठोक्यावर उतरणे म्हणजे समेवर येणे. आपल्या लोकांना शास्त्र येत होते, त्याची नावे आणि ते कागदावर उतरवण्याची रीत तेवढी आली नव्हती.

वामनदादा कर्डकांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी १९२२ साली जन्मलेल्या या माणसाला अक्षरओळख झाली ती मोठेपणी. अक्षर हाती आले आणि पुढे २००४ साली ते जाईपर्यंत त्यांनी अगणित गाणी लिहिली. त्यांच्याही आधी, १९३०च्या दशकात, भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव फिरत होता. या मंडळींचे शब्द बऱ्याच प्रमाणात छापून राहिले. चाली किती राहिल्या, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या घरापुरता करावा.

साधन कोणते

मोबाईलवर गाणे रचून शिकवणारी साधने बरीच निघाली आहेत. त्यांतले सगळ्यांत सोपे एक सांगतो. गूगल कंपनीने २०१६ साली 'क्रोम म्युझिक लॅब' नावाची संगीताच्या खेळांची जागा इंटरनेटवर उघडली. २०१८ साली तिच्यात 'साँग मेकर' आले. ते उघडायला नाव नोंदवावे लागत नाही, काही उतरवून घ्यावे लागत नाही आणि पैसे पडत नाहीत. गूगलवर 'क्रोम म्युझिक लॅब' असे शोधले की सापडते. वरची अक्षरे इंग्रजी आहेत, पण शब्द मोजके आहेत. इयत्ता सहावी-सातवीतले मूल ते सहज वाचील आणि आईवडिलांना सांगेल.

उघडल्यावर पडद्यावर वहीच्या चौकटीसारखी घरे दिसतात. डावीकडून उजवीकडे काळ चालतो. खालून वर सूर चढतो. एका घरावर बोट ठेवले की रंगीत खूण उमटते आणि सूर वाजतो. प्रत्येक सुराचा रंग वेगळा. खालचा सा आणि वरचा सा मात्र एकाच रंगाचे, म्हणजे सप्तक म्हणजे काय ते डोळ्यांनीच कळते. चौकटीच्या तळाशी दोन ओळी ठेक्यासाठी असतात, एक जड आवाजाची, एक हलक्या आवाजाची. खाली वाद्य बदलण्याची बटणे आहेत. ठेक्याच्या वाद्यांत 'काँगा' निवडा, तो आपल्या ढोलकीच्या जवळचा वाटेल. वेग कमी-जास्त करण्याची पट्टीही आहे. सुरुवातीला तिथे १२० असते, म्हणजे मिनिटाला १२० ठोके. शिकणाऱ्याने ती ६० वर आणावी.

पहिल्यांदा उघडताना लांबी चार भागांची असते, प्रत्येक भागात चार ठोके आणि प्रत्येक ठोक्याचे दोन तुकडे. चार गुणिले चार गुणिले दोन, म्हणजे आडवी ३२ घरे. हा आकडा लक्षात ठेवा. आपल्या कामाचा आहे.

पहिला धडा : ठेका

आधी सूर नको. फक्त तळाच्या दोन ओळी घ्या. केरव्याचे बोल आपल्याला तोंडपाठ असतात : धा गे ना ती, न क धि न. आठ बोल, आठ मात्रा. साँग मेकरच्या एका भागात घरेही आठच.

धा आणि धि हे दोन्ही हातांचे बोल, म्हणून पहिल्या आणि सातव्या घरात दोन्ही ओळींवर खूण करा. गे हा डाव्या हाताचा घुमारा, म्हणून दुसऱ्या घरात फक्त जड ओळीवर. ना, ती, न हे उजव्या हाताचे, म्हणून तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या आणि आठव्या घरात फक्त हलक्या ओळीवर. सहाव्या घरातला क रिकामा सोडा. असेच चारही भागांत करा आणि वाजवा.

आता चौकटीकडे पाहा. तिसऱ्या घरापासून सहाव्यापर्यंत जड आवाज नाही. ढोलकीवाला तिथे डावा हात उचलतो. शास्त्रात पाचव्या मात्रेला 'खाली' म्हणतात आणि पहिलीला 'सम'. हे दोन शब्द पुस्तकात वाचून पोरे विसरतात. पण चौकटीत रिकामी जागा दिसली आणि कानाला घुमारा थांबलेला कळला, की 'खाली' म्हणजे काय ते विसरत नाहीत.

दादरा करायचा असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन 'बीट्स पर बार' हे ४ ऐवजी ३ करा. तीन ठोक्यांचे दोन-दोन तुकडे, म्हणजे सहा घरे. धा धी ना, धा ती ना. ढोलकीवाले काका घरात असतील तर मुलाने केलेला ठेका त्यांना ऐकवावा. काका चूक काढतील, आणि पोरगा तीच चूक पुन्हा करणार नाही.

दुसरा धडा : शब्दांचे वजन

गाणे रचायचे तर ओळ तालात बसली पाहिजे. त्यासाठी मराठीत मात्रा मोजण्याची सोपी रीत आहे. अ, इ, उ असे ऱ्हस्व अक्षर म्हणजे एक मात्रा. आ, ई, ऊ, ए, ओ असे दीर्घ अक्षर म्हणजे दोन. ऱ्हस्व अक्षरावर ठसठशीत अनुस्वार असला, किंवा पुढच्या जोडाक्षराचा आघात त्याच्यावर आला, तरी दोन.

उदाहरणाला दोन ओळी करू. विषय घरातलाच घेऊ :

पाणी भरते पहाट माझी
हंडा कळशी डोक्यावरती

मोजा. पा दोन, णी दोन, भ एक, र एक, ते दोन, झाल्या आठ. प एक, हा दोन, ट एक, मा दोन, झी दोन, पुन्हा आठ. ओळीच्या एकूण सोळा मात्रा. दुसरी ओळ तुम्ही मोजा, तिच्याही सोळाच भरतील. आठ-आठ मात्रांच्या या सोळा मात्रांच्या ओळीला छंदशास्त्रात पादाकुलक म्हणतात. नाव जड आहे, पण चाल आपल्या ओळखीची आहे. कितीतरी बालगीते आणि चळवळीची गाणी याच वजनावर चालतात.

सोळा आणि सोळा मिळून बत्तीस. साँग मेकरची घरेही बत्तीस. आपल्या दोन ओळी त्यात काटेकोर मावतात. एक मात्रा म्हणजे एक घर. एखादी मात्रा जास्त झाली की शब्द घराबाहेर जातो आणि कानाला खटकते. मग शब्द बदलायचा. आपले शाहीर हेच करत होते, बोटांवर मोजून किंवा डफावर थाप मारून.

तिसरा धडा : पाच सूर

आता सूर. सेटिंग्जमध्ये 'स्केल' असे लिहिलेले असते. तिथे तीन पर्याय आहेत : मेजर, पेंटाटॉनिक आणि क्रोमॅटिक. सुरुवात पेंटाटॉनिकपासून करा. त्यात सप्तकाचे पाचच सूर मिळतात : सा रे ग प ध. हे भूप रागाचे सूर आहेत. पाचच सूर असल्याने, आणि ते एकमेकांना खटकत नसल्याने, नवशिक्याच्या हातून फारसे बेसूर होत नाही. म्हणून लहान मुलाला यावरच बसवावे.

आपल्या दोन ओळींना एक साधी चाल लावू. आडवी रेघ म्हणजे ते घर रिकामे, आधीचा सूर तेवढा वेळ लांबवायचा :

सा – रे – ग ग रे – । ग प – ग रे – सा –
ग – प – ध ध प – । ग – प – ग रे सा –

सर्वांत खालची आडवी ओळ सा ची, तिच्या वरची रे ची, मग ग, प आणि ध. याप्रमाणे खुणा करा, खाली केरवा ठेवा आणि वाजवा. ६० च्या वेगात ते १६ सेकंद चालेल आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. सोबत शब्द म्हणा.

एवढे करताना मुलाला किती गोष्टी कळल्या ते मोजा. पहिली ओळ सा वरून निघून सा वर परतली, म्हणून ती पुरी झाल्यासारखी वाटते. दुसरी ओळ ग पासून उचलली आणि ध पर्यंत गेली, म्हणून आवाज चढल्यासारखा वाटतो. कडव्याची पहिली ओळ वर उचलून ध्रुपदावर खाली उतरायचे, ही आपल्या गाण्यांची जुनी ठेवण. मुखडा आणि अंतरा यांतला फरकही मुळात हाच. आता ही चाल आवडली नाही तर बदला. शेवटच्या सा ऐवजी रे ठेवून पाहा. ओळ अर्धवट लटकल्यासारखी वाटेल आणि पुढची ओळ मागेल. असे खालीवर करून पाहण्यातच खरे शिक्षण आहे. बिघडले तर पुसायचे. इथे कागद फाटत नाही आणि छडीही बसत नाही.

चौथा धडा : बारा सूर

पाच सूर पचल्यावर 'मेजर' घ्या. त्यात सातही शुद्ध सूर येतात, सा रे ग म प ध नि. याला बिलावल थाट म्हणतात. मग 'क्रोमॅटिक' घ्या. त्यात सप्तकाचे बाराही सूर खालून वर एकापाठोपाठ येतात. सा, कोमल रे, शुद्ध रे, कोमल ग, शुद्ध ग, शुद्ध म, तीव्र म, प, कोमल ध, शुद्ध ध, कोमल नि, शुद्ध नि. तेराव्या घरात वरचा सा.

आता पायऱ्या मोजा. सा पासून रे दोन पायऱ्या. रे पासून ग दोन. ग पासून म एकच. पुढे दोन, दोन, दोन आणि शेवटी नि पासून वरचा सा एक. बेरीज बारा. पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत ग आणि म च्या मध्ये काळी पट्टी का नाही, याचे उत्तर इथे मिळते. पांढरी एक ला सा धरला तर ग आणि म मध्ये जागाच एका पायरीची आहे.

हे कळले की थाट कळतो. सात शुद्ध सुरांतला म एक पायरी वर सरकवला की कल्याण. त्याऐवजी नि एक पायरी खाली आणला की खमाज. ग आणि नि दोन्ही खाली आणले की काफी. रे, ग, ध, नि चारही खाली आणले की भैरवी. विष्णु नारायण भातखंडे यांनी असे दहा थाट मांडले. पाठ करायला ते रुक्ष वाटतात. पण आपलीच चाल घेऊन एक सूर सरकवून पाहिला तर त्यांचा अर्थ कानात शिरतो.

करूनच पाहा. क्रोमॅटिकमध्ये नवे पान घ्या. वरची पाणी भरण्याची चाल त्यात पुन्हा मांडा, पण ग पाचव्या घराऐवजी चौथ्या घरात ठेवा, म्हणजे कोमल. बाकी काहीही बदलू नका. मघाशी पहाटेचे सरळ गाणे होते, ते आता दुःखाचे गाणे झाले. हे शिवरंजनीचे सूर आहेत. एका पायरीने गाण्याचा भाव बदलतो हे शाहिराला कानाने माहीत होते. आता आपल्या मुलीला त्याचे कारणही सांगता येईल.

बँडमध्ये किंवा ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणाऱ्या तरुणांना आणखी एक गोष्ट इथेच मिळेल. सा, ग, प एकाच उभ्या रांगेत ठेवा, तिन्ही एकदम वाजतील. हा मेजर कॉर्ड. ग कोमल केला की मायनर कॉर्ड. पहिल्यात चार पायऱ्या आणि मग तीन, दुसऱ्यात तीन आणि मग चार. एवढे कळले की कोणत्याही पट्टीवरून कॉर्ड स्वतः मोजून काढता येतो. ज्यांना याच्या पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी एबलटन कंपनीचे 'लर्निंग म्युझिक' हे इंटरनेटवरचे पाठ २०१७ पासून आहेत. तेही फुकट आहेत. ठेका, सूर, कॉर्ड, चाल आणि गाण्याची बांधणी असे क्रमाने शिकवतात आणि प्रत्येक पाठात करून पाहायला देतात.

यंत्राला काय येत नाही

साधनाची स्तुती केली, आता त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत.

या घरांत सूर एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उडी मारतो. आपला गळा तसा जात नाही. तो घसरत, वळत, मध्ये थांबत जातो. मींड, मुरकी, लोकगायकाची हाक यांतले काही चौकटीत मावत नाही. शिवाय बारा सूर सारख्या अंतरावर बसवलेले असल्याने तानपुऱ्याच्या तारेतून उमटणाऱ्या शुद्ध गांधारापेक्षा इथला ग किंचित चढा असतो. पेटीचेही तेच आहे. याच कारणांवरून वाद होऊन १९४० साली रेडिओवर पेटीला बंदी आली होती. ती १९७१ साली सैल झाली. पण त्या तीस वर्षांत जलशाची, भजनाची, कव्वालीची पेटी कुठे थांबली नाही. त्यावरून दोन गोष्टी घ्याव्यात. साधनात उणीव आहे हे खरे, ती माहीत असावी. आणि उणीव आहे म्हणून साधन टाकून द्यावे असेही नाही.

राग म्हणजे नुसते सूर नव्हेत, हेही यंत्र सांगत नाही. भूप आणि देशकार या दोन रागांचे सूर तेच पाच. पण भूपात ग ला मान, देशकारात ध ला. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात, देशकार सकाळी. हा फरक गुरूसमोर बसूनच कळतो. म्हणून ज्याला पुढे जायचे त्याने शिक्षक शोधावा, अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसावे. प्रारंभिकपासून विशारदपर्यंत त्या पायरीपायरीने आहेत. पुढच्या परीक्षांत लेखी पेपरही असतो. गळा तयार असूनही लेखी पेपरला घाबरून आपली मुले मागे राहू नयेत. त्यांची भीती घालवण्यापुरते हे घरचे शिक्षण निश्चित उपयोगी पडते.

आणखी एक. मूल तासन् तास मोबाईलवर बसेल, ही आईची काळजी रास्त आहे. त्याला उपाय एवढाच की हे काम एकट्याने कोपऱ्यात बसून करायचे नाही. रविवारी अर्धा तास, घरातल्या मोठ्यांसोबत करायचे. मोठ्यांना चाल माहीत आहे, मुलांना यंत्र माहीत आहे. दोघांना एकमेकांची गरज आहे.

आता घरची चाल उतरवा

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. एवढे धडे झाले की घरात ज्यांना जुनी गाणी येतात त्यांच्याजवळ बसा. आजी असेल, आत्या असेल, पार्टीतले आजोबा असतील. पुढील क्रमाने काम करा.

एक, गाणे आधी मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून घ्या. मध्ये अडवू नका. सोबत त्यांचे नाव, गाव आणि गाणे कोणाकडून शिकले ते त्यांच्याच तोंडून बोलून घ्या.

दोन, सा शोधा. गाणे संपताना आवाज ज्या सुरावर विसावतो तो बहुधा सा असतो. साँग मेकरच्या सेटिंग्जमध्ये 'स्टार्ट ऑन' आहे, तिथे सा ची पट्टी बदलता येते. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी चार म्हणजे एफ, काळी चार म्हणजे जी शार्प. आजीच्या आवाजाशी जुळेपर्यंत बदला. माइकच्या चिन्हावर बोट ठेवून सूर म्हटला तर यंत्र तो ओळखून खूण करते. गोंगाटात ते चुकते, म्हणून शेवटचा निवाडा कानाचा.

तीन, टाळी वाजवून ताल ठरवा. आठाचा की सहाचा, आणि सम कोणत्या अक्षरावर येते, ते पाहा.

चार, एकेक ओळ घरांत मांडा, वाजवा आणि आजीला ऐकवा. "असे नाही, इथे वर जाते," असे त्या म्हणतील. तसे दुरुस्त करा.

पाच, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, झालेली चाल वहीत लिहा. वर शब्द, खाली सूर. भातखंडे पद्धतीत कोमल सुराखाली आडवी रेघ, तीव्र म च्या डोक्यावर उभी रेघ, खालच्या सप्तकातल्या सुराखाली टिंब, वरच्या सप्तकातल्या सुरावर टिंब. सम दाखवायला फुली, खाली दाखवायला शून्य. एवढ्या खुणांत चाल बसते. जिथे आवाज घसरतो, वळतो, तिथे साध्या मराठीत टीप लिहा.

यंत्रात गाणे 'सेव्ह' केले की एक दुवा मिळतो आणि तो व्हॉट्सअॅपवर नातेवाइकांना पाठवता येतो. तो जरूर पाठवा. पण ती जागा कंपनीची आहे. कंपनी उद्या ती बंदही करू शकते. वही आपली असते. म्हणून चाल दोन्हीकडे ठेवा.

हे काम किती मोलाचे आहे त्याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावांतल्या बायकांनी त्या सांगितल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. बऱ्याच ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होऊ लागल्या, कोणालाही वाचता-ऐकता येतात. जाते घरातून गेले, दळण गिरणीत गेले, पण त्या ओव्या राहिल्या. कोणीतरी वेळेवर जाऊन बसले म्हणून राहिल्या.

प्रत्येक घरी असे संशोधक येणार नाहीत. ज्या चाळीत, ज्या वस्तीत गायन पार्टी होती, तिथे अजून एखादे म्हातारे माणूस त्या चाली गुणगुणत असेल. त्यांच्याजवळ बसायचे काम घरातल्या मुलामुलींचे आहे. बारा सूर, आठ मात्रा आणि बत्तीस घरे एवढ्या भांडवलावर ते करता येते.

या रविवारी फक्त केरवा मांडा. पुढच्या रविवारी स्वतःच्या दोन ओळी रचा, सोळा-सोळा मात्रांच्या. तिसऱ्या रविवारी आजीला विचारा, तुला पहिल्यांदा कोणते गाणे आले? आणि वही उघडून बसा.